राष्ट्राची श्रीमंती आणि नगरचा ताळेबंद

दिवाळींत लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं नवी वही उघडणाऱ्या व्यापाऱ्यास श्रीमंतीचा अर्थ सांगावयास जाणें हें आम्हांसारख्या लेखणीवाल्यांस धाडसाचेंच वाटतें. कापड बाजारांतील अगर अडते बाजारांतील साधा मुनीमसुद्धां गल्ला आणि नफा यांत, नफा आणि मुद्दल यांत, मुद्दल आणि पत यांत काय भेद आहे हें पक्कें जाणतो. भुसाराच्या दुकानांत वर्षभर जोराची विक्री झाली, पण वर्षअखेर वखार रिकामी पडली, उधारी वसूल झाली नाहीं आणि छप्पर गळूं लागलें, तर नुसत्या गल्ल्याकडे पाहून त्या दुकानाची भरभराट झाली असें कोणीही म्हणत नाहीं. परंतु हेच शहाणे गृहस्थ राष्ट्राच्या श्रीमंतीविषयीं बोलूं लागले म्हणजे पेढीवरचें शहाणपण पेढीवरच ठेवून येतात, याचें आम्हांस नवल वाटतें. तेथें त्यांस गल्ल्याचा आंकडा पुरतो. वखारीची व छपराची चौकशी करण्याची गरज भासत नाहीं.

एक ताजें उदाहरण घेऊं. २०२२ सालीं भारतानें वार्षिक उत्पन्नांत ग्रेट ब्रिटनला मागें टाकून जगांत पांचवें स्थान मिळविलें, ही वार्ता गांवोगांव पोंचली आणि तिनें पुष्कळांस समाधान वाटलें. ज्यांनीं दीडशें वर्षें आपल्यावर राज्य केलें त्यांच्या पुढें जाण्याचें समाधान स्वाभाविक आहे. त्याची थट्टा करावी असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु तेंच उत्पन्न देशांतील माणसांच्या संख्येनें भागिलें म्हणजे शंभराहून अधिक देश आपल्यापुढें उभे राहतात. आणि तेंच उत्पन्न त्या त्या देशांतील वस्तूंच्या भावांचा विचार करून मोजलें म्हणजे एकंदर बेरजेंत आपण तिसरे ठरतों. पांचवे, तिसरे, कीं शंभराच्या पलीकडचे? गंमत ही कीं, हीं तिन्ही विधानें खरीं आहेत. मग यांतील कोणत्या विधानावर आपण आपलें धोरण बांधावयाचें? हा प्रश्न केवळ पंडितांचा नाहीं. चुकीच्या मोजमापानें केवढा अनर्थ होतो हें आमच्या नगर जिल्ह्यानें एकदां स्वतःच्या अंगावर सोसलें आहे. तो इतिहास पुढें ओघानें येईलच.

प्रथम श्रीमंती म्हणजे काय याविषयींचा जुना समज पाहूं. राजाच्या तिजोरींत सोनें-रुपें किती यावर राज्याची श्रीमंती ठरते असें युरोपांत शेंकडों वर्षें मानीत असत. सोळाव्या शतकांत अमेरिकेंतील खाणींचें रुपें गलबतें भरभरून स्पेनांत येत होतें; तरी त्या राज्यास १५५७, १५७५ व १५९६ या सालीं सावकारांपुढें हात वर करावे लागले. रुपें आलें तसें महागाई वाढली, युद्धांत पैसा गेला, आणि माल तयार करण्याचा उद्योग इतर देशांच्या हातीं राहिला. १७७६ सालीं अॅडम स्मिथ यानें आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत हा भ्रम खोडून काढिला, आणि राष्ट्राचें खरें धन म्हणजे त्याच्या लोकांचे वार्षिक श्रम व त्या श्रमांतून निघणाऱ्या वस्तू होत असें प्रतिपादिलें. आपल्याकडे लोकहितवादींनीं १८४९ सालींच ‘लक्ष्मीज्ञान’ या पुस्तकाच्या द्वारें हा विषय मराठींत आणला. म्हणजे मराठी वाचकास ही गोष्ट नवी नाहीं. आणि नगरकरांस तर ती पुस्तकावांचूनही दिसण्यासारखी आहे. निजामशाहीचा खजिना कोठें गेला याचा आज पत्ता नाहीं. परंतु त्या काळीं शहराबाहेरून पाणी आणण्यासाठीं बांधलेल्या खापरी नळांचें नांव अद्याप निघतें, आणि मलिक अंबरानें घालून दिलेली जमीनमहसुलाची पद्धति इतिहासकार अजून वाखाणतात. सोनें लुटलें गेलें. पाण्याची व जमिनीची व्यवस्था मात्र लोकांच्या स्मरणांत राहिली.

सोन्याऐवजीं वार्षिक उत्पन्न मोजावयाचें असें ठरल्यावर तें मोजावयाचें कोणीं आणि कसें, हा पुढचा प्रश्न. आपल्या देशांत त्याचा पाया दादाभाई नौरोजींनीं घातला. सरकारच्याच कागदपत्रांतून प्रांतोप्रांतींचें पीक व इतर उत्पन्न यांची बेरीज करून, तीस लोकसंख्येनें भागून, दर माणशीं वर्षाचें उत्पन्न अवघें २० रुपये पडतें असें त्यांनीं १८७६ सालीं मुंबईंत वाचलेल्या आपल्या निबंधांत दाखविलें. एवढ्यावरच ते थांबले नाहींत. जिवंत राहण्यापुरतें अन्नवस्त्र मिळण्यास वर्षास ३४ रुपये लागतात असाही हिशेब त्यांनीं मांडला, आणि तुरुंगांतील कैद्यावर सरकारचा जो खर्च होतो तेवढाही बाहेरच्या मोकळ्या माणसाच्या वांट्यास येत नाहीं हें उघड केलें. सरकारपक्षाचा हिशेब निराळा होता. १८८२ सालीं त्यांनीं २७ रुपयांचा आंकडा धरला. १९०१ सालीं लॉर्ड कर्झन यांनीं ३० रुपये सांगून देशाची प्रगति होत असल्याचा निर्वाळा दिला. त्याच साली विल्यम डिग्बी यांनीं तो आंकडा १७-१८ रुपयांवर येतो असें पुस्तक लिहून सांगितलें. त्या वादांतील तपशील आज जुना झाला आहे. परंतु त्यांतील मर्म जुनें झालेलें नाहीं. दादाभाईंनीं केवळ उत्पन्न किती असें विचारलें नाहीं; त्या उत्पन्नांत माणूस जगतो काय, आणि त्यांतलें किती देशाबाहेर जातें, असें विचारलें. जो आंकडा माणसाच्या पोटाशीं जोडलेला नाहीं तो आंकडा राज्यकर्त्याच्या सोईचा असतो, हा त्यांचा धडा होय.

आतां नगर जिल्ह्याची ती कथा. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें, तेथील कापूस विलायतेस जाईनासा झाला, आणि दख्खनच्या कापसास कधीं न मिळालेला भाव आला. त्याच सुमारास रेल्वेच्या व इतर सरकारी कामांवर मजुरीही चांगली मिळत होती. कुणब्याच्या हातांत पैसा खेळूं लागला. त्याची पत वाढली. सावकार आपण होऊन कर्ज देऊं लागले. उत्पन्नाच्या आंकड्यानें पाहतां दख्खन श्रीमंत झालें होतें. सरकारासही तसेंच वाटलें, आणि शेजारच्या पुणें जिल्ह्यांत इंदापूर आदि तालुक्यांतून १८६७ पासून जी फेरआकारणी झाली तींत शेतसारा पुष्कळच वाढविण्यांत आला. पण युद्ध संपलें, अमेरिकेचा कापूस पुन्हां बाजारांत आला, भाव कोसळले, मजुरीचीं कामें आटोपलीं. चार वर्षांची तेजी गेली. तिच्या भरंवशावर केलेलें कर्ज आणि ठरलेला सारा मात्र मागें राहिला. शेवटीं मे १८७५ मध्यें पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा झाला, आणि त्याचें लोण नगर जिल्ह्यांत पारनेर, श्रीगोंदें, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरलें. या दंग्यांत लोकांनीं सावकारांच्या जिवास फारसा अपाय केला नाहीं. त्यांनीं रोखे, गहाणखतें, खतावण्या हुडकून काढून त्यांची होळी केली. सरकारानें चौकशीसाठीं कमिशन नेमलें, व १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कर्जनिवारणाचा कायदा झाला.

या प्रसंगांत सावकार दुष्ट आणि कुणबी भोळा, अगर कुणबी उधळ्या आणि सावकार गरीब, असा एकतर्फी निकाल देण्याची आमची इच्छा नाहीं. आम्हांस त्यांतून निराळीच गोष्ट दाखवावयाची आहे. त्या पांच-दहा वर्षांत जमीन तीच होती, विहिरी त्याच, औतें तींच, शेतकऱ्याचें ज्ञानही तेंच. वाढला होता तो केवळ भाव. भावाच्या वाढीस संपत्तीची वाढ समजून कुणब्यानें कर्ज काढलें, सावकारानें तें दिलें आणि सरकारानें सारा वाढविला. तिघांनींही एकच चूक केली. उत्पन्न हा ओढ्याचा पूर आहे. संपत्ति म्हणजे ओढ्याच्या उगमाचें जिवंत पाणी. पूर पाहून जो विहीर खोदावयाचें सोडतो त्यास चैत्रांत पश्चात्ताप होतो, हें आमच्या कोरडवाहू मुलुखांत कोणास सांगावयास नको.

स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारानें हें मोजणीचें काम शास्त्रशुद्ध पायावर आणलें. १९४९ सालीं प्रोफेसर प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या अध्यक्षतेखालीं राष्ट्रीय उत्पन्न समिति नेमण्यांत आली, डॉक्टर व्ही. के. आर. व्ही. राव व पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रोफेसर धनंजयराव गाडगीळ हे तिचे दुसरे दोन सभासद. १९५१ सालच्या पहिल्या अहवालांत समितीनें १९४८-४९ सालचें राष्ट्रीय उत्पन्न सुमारें ८,७१० कोटि रुपये, म्हणजे दर माणशीं २५५ रुपये, धरलें. दादाभाईंचे २० रुपये आणि समितीचे २५५ रुपये हे आंकडे शेजारीं मांडून एखादा उतावळा मनुष्य म्हणेल कीं, पाऊणशें वर्षांत आपण तेरापट श्रीमंत झालों. परंतु १८७० सालीं रुपयास जें धान्य येत असे तें १९४८ सालीं कोठें येत होतें? रुपयाची लांबीच जर बदलली, तर त्या गजानें मोजलेल्या दोन कापडांची तुलना होत नाहीं. म्हणून निरनिराळ्या वर्षांचे आंकडे एका वर्षाच्या स्थिर भावांत बसवूनच ते पाहावे लागतात.

एका देशाच्या दोन काळांची गोष्ट अशी, तर एका काळच्या दोन देशांची याहून अवघड आहे. नगरचा शिंपी एक सदरा शिवतो आणि लंडनचा शिंपीही एक सदरा शिवतो. टांका तोच, श्रम तेच, अंगावर बसणारें वस्त्रही तसेंच. परंतु हुंडणावळीच्या दरानें रुपयाचे पौंड केले म्हणजे नगरच्या शिंप्याची मजुरी लंडनच्या मजुरीचा एक लहानसा हिस्सा भरते, आणि जणूं आमच्या शिंप्यानें सदऱ्याची एक बाहीच शिवली असा हिशेब होतो. याचें कारण उघड आहे. हुंडणावळ ठरते ती बंदरावरून ये-जा करणाऱ्या मालावर आणि पैशाच्या उलाढालीवर. सदऱ्याची शिलाई, घराचें भाडें, भाजीची जुडी हीं कांहीं बंदरावरून जात नाहींत. हा दोष काढण्यासाठीं १९६८ पासून संयुक्त राष्ट्रसंघ व अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ यांनीं मिळून देशोदेशींच्या प्रत्यक्ष भावांची तुलना करण्याचा उद्योग आरंभिला, आणि तो पुढें जागतिक बँकेच्या देखरेखीखालीं चालू राहिला. या क्रयशक्तीच्या मापानें २०२३ सालीं भारताचें दरडोई उत्पन्न सुमारें दहा हजार डॉलर भरलें. हुंडणावळीच्या मापानें तेंच सुमारें अडीच हजार होतें. म्हणजे एकच मनुष्य, एकच वर्ष, आणि आंकडा चौपट! यांतील खोटा कोणता? कोणताच नव्हे. परदेशांतून यंत्र, तेल अगर औषध विकत घ्यावयाचें असेल तर पहिलें माप कामास येत नाहीं. तेथें अडीच हजारांचाच मान राहतो. येथल्या माणसाच्या ताटांत काय पडतें हें पाहावयाचें असेल तर हुंडणावळ कामास येत नाहीं. सोनें तोलण्याच्या कांट्यावर कडबा तोलूं नये आणि कडब्याच्या कांट्यावर सोनें तोलूं नये, इतकी साधी ही गोष्ट आहे. मात्र कोणत्याही मापानें घेतलें तरी, त्याच वर्षीं अमेरिकेचें दरडोई उत्पन्न ऐंशी हजार डॉलरांहून अधिक होतें हें विसरून भागणार नाहीं.

शिवाय या हिशेबांत काय धरतात आणि काय वगळतात हेंही पाहिलें पाहिजे. खाणावळींत शिजलेली भाकरी राष्ट्रीय उत्पन्नांत येते. घरीं आईनें भाजलेली येत नाहीं. पिगू नांवाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें दाखवून ठेविलें आहे कीं, एखाद्यानें आपल्या घरीं पगारावर काम करणाऱ्या बाईशीं लग्न केलें तर तेंच काम तसेंच चालू असतां राष्ट्राचें उत्पन्न मात्र त्या पगाराइतकें घटतें. आमच्या खेड्यांतील बायका पहांटेपासून पाणी, सरपण, जनावरें, मुलें यांसाठीं जे कष्ट उपसतात त्यांस या वहींत एक ओळही नाहीं. आणि ज्या श्रमांची नोंद नाहीं त्यांची किंमतही घरांत होत नाहीं, हा त्याहून वाईट परिणाम. उलट बाजूनें, कागदावरचें उत्पन्न प्रत्यक्षांत कांहीं न पिकतांही वाढूं शकतें. २०१५ सालीं आयर्लंडचें उत्पन्न एका वर्षांत सुमारें २६ टक्क्यांनीं वाढल्याचें जाहीर झालें. कारण कांहीं मोठ्या विदेशी कंपन्यांनीं आपली मालमत्ता कागदोपत्रीं त्या देशांत हलविली होती. डब्लिनच्या मजुराची मजुरी त्यानें सव्वापट झाली नाहीं. ज्या सायमन कुझ्नेट्स यांनीं १९३४ सालीं अमेरिकेच्या सिनेटापुढें राष्ट्रीय उत्पन्नाचा पहिला मोठा हिशेब ठेविला, त्यांनींच त्याबरोबर हा इशारा दिला होता कीं, या आंकड्यावरून राष्ट्राच्या सुखाचें अनुमान सहसा काढतां येणार नाहीं. पुढें १९७१ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. इशारा मात्र पुष्कळांच्या स्मरणांतून गेला.

सरासरीचा मोह तर याहून घातक. आमच्या जिल्ह्याचाच पाऊस घ्या. पश्चिमेस अकोलें तालुक्यांत सह्याद्रीच्या कड्यावर घाटघर येथें कित्येक हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. पूर्वेकडे व दक्षिणेकडे पाथर्डी, कर्जत, पारनेर येथें आभाळाकडे डोळे लावून बसावें लागतें. या सर्वांची सरासरी काढून पारनेरच्या शेतकऱ्यास सांगितली तर त्याच्या विहिरींत एक घागर तरी वाढेल काय? उत्पन्नाचेंही तसेंच आहे. प्रवरेच्या कालव्याखालीं ऊस उभा आहे, आणि तो तोडावयास पाथर्डी-जामखेडाकडचीं कुटुंबें मुलांबाळांसह हंगामभर कोपीवर येऊन राहतात. एकाच जिल्ह्याच्या एकाच सरासरींत बागाईतदार आहे आणि कोयता चालविणारेंही आहे. जी सरासरी या दोघांस एक करून दाखविते ती हिशेबाची सोय आहे; ती कोणाच्या घरची स्थिति नव्हे.

मग राष्ट्र श्रीमंत होतें तें कशानें? याचें उत्तर ग्रंथांत शोधण्यापूर्वीं आम्ही वाचकांस लोणीकडे नेऊं इच्छितों. भंडारदऱ्याचें धरण १९१० सालीं सुरू होऊन १९२६ सालीं पुरें झालें, आणि प्रवरेचें पाणी कालव्यांनीं राहुरी-श्रीरामपुराकडे खेळूं लागलें. पाणी आलें म्हणून शेतकरी आपोआप श्रीमंत झाला काय? नाहीं. ऊस त्याचा, कारखाना मात्र खाजगी कंपनीचा. भाव ठरविणारा एक आणि माल घेऊन दारांत उभे राहणारे शेंकडों. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील हे शाळा फार न शिकलेले गृहस्थ. त्यांनीं १९२३ सालींच गांवांत सहकारी पतपेढी काढून सावकारी व्याजाचा फांस सैल करण्याचा उद्योग चालविला होता. त्यांनीं गांवोगांव हिंडून शेतकऱ्यांचे भाग गोळा केले. त्यांच्या पाठीशीं उभे राहिले ते धनंजयराव गाडगीळ, आणि त्या वेळचे मुंबई सरकारचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता. १९४८ च्या अखेरीस प्रवरा सहकारी साखर कारखान्याची नोंदणी झाली, १९५०-५१ च्या हंगामांत पहिलें गाळप झालें, आणि गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले.

हा योगायोग आमच्या वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावा. ज्या वर्षांत गाडगीळ दिल्लीस बसून साऱ्या राष्ट्राच्या उत्पन्नाची बेरीज करीत होते, त्याच वर्षांत ते आमच्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांबरोबर चटईवर बसून भाग-भांडवलाचा हिशेब करीत होते. राष्ट्राचें उत्पन्न किती हा एक प्रश्न. तें उत्पन्न निर्माण करणारें साधन कोणाच्या मालकीचें हा दुसरा. पहिल्याचें उत्तर दुसऱ्याखेरीज अपुरें आहे, ही गोष्ट त्यांनीं व्याख्यानांतून सांगितली असेल वा नसेल. कृतीनें मात्र ती दाखविली. जमीन पूर्वीं होती, पाणीही पूर्वीं आलें होतें. नव्यानें आलें तें परस्परांवरचा विश्वास, एकत्र येण्याची संवय आणि हिशेब उघडा ठेवण्याची रीत. कारखान्याच्या मागोमाग त्या परिसरांत शाळा, दवाखाने, पतसंस्था उभ्या राहिल्या त्या या न दिसणाऱ्या भांडवलावर.

तथापि स्तुतीच्या भरांत दोष झांकणें हा सुधारणेचा मार्ग नव्हे. सहकाराच्या नांवानें पुढें जे अनेक कारखाने निघाले त्यांतील कांहीं कर्जांत बुडाले, कांहींचा ताबा मूठभर घराण्यांकडे गेला, आणि सभासदाचा हक्क वार्षिक सभेंत हात वर करण्यापुरता उरला. विश्वासाचें भांडवलही खर्चून संपतें, हें त्यावरून शिकावें. दुसरा दोष याहून खोल आहे, आणि तो शब्दशः खोल आहे. कालवा नाहीं तेथें विंधनविहीर खोदून ऊस लावण्याचा हव्यास सुटला. शंभर फुटांवरचें पाणी आटलें कीं दोनशें, दोनशेंचें आटलें कीं पांचशें. पंप विकला गेला तो उत्पन्नांत जमा. वीज वापरली ती जमा. ऊस विकला तोही जमा. परंतु हजारों वर्षांत मुरलेलें पाणी उपसून संपविलें, त्याची नोंद नांवें बाजूस कोठें आहे? राष्ट्रीय उत्पन्नाच्या वहींत यंत्रांचा व इमारतींचा घसारा धरतात. भूजलाचा धरीत नाहींत. दुकानाच्या फळ्या उपटून विकाव्या आणि ती रक्कम नफ्यांत लिहावी, तसा हा प्रकार झाला. आमच्या बाजारपेठेंतील कोणताही अडत्या अशा मुनीमास एक दिवस नोकरींत ठेवणार नाहीं.

आनंदाची गोष्ट ही कीं, ही चूक ओळखून दुसऱ्या प्रकारें वही लिहिणारें एक गांव याच जिल्ह्यांत आहे. नगर तालुक्यांतील हिवरे बाजार हें हजार-बाराशें वस्तीचें, डोंगराच्या कुशींतलें, तोकड्या पावसाचें गांव. १९७२ च्या दुष्काळानें तें मोडकळीस आलें; माणसें पोटासाठीं मुंबई-पुण्याकडे गेलीं; मागें राहिलें तें दारू आणि भांडणें यांचें राज्य. १९९० च्या सुमारास गांवानें पोपटराव पवार या तरुण पदवीधरास सरपंच केलें. शेजारच्या पारनेर तालुक्यांत राळेगणसिद्धी येथें अण्णा हजारे यांनीं १९७५ पासून चालविलेलें काम डोळ्यांपुढें होतेंच. हिवरे बाजारनें श्रमदानानें डोंगरावर समतल चर खणले, बांध घातले, झाडें राखलीं, चराई व कुऱ्हाड बंद केली. शेतीसाठीं विंधनविहीर घ्यावयाची नाहीं आणि उसासारखें अधिक पाणी पिणारें पीक लावावयाचें नाहीं असे नियम ग्रामसभेंत केले. हळूहळू विहिरींस पाणी आलें, दुभतीं जनावरें वाढलीं, आणि गेलेलीं कांहीं कुटुंबें परत आलीं. २०२० सालीं पवार यांस पद्मश्री जाहीर झाली.

परंतु आम्हांस त्या गांवाची जी गोष्ट सर्वांत मोलाची वाटते ती पदवीहून निराळी आहे. तेथें पाऊस मोजतात, विहिरींची पातळी मोजतात, आणि पावसाळा सरल्यावर ग्रामसभेपुढें पाण्याचा जमाखर्च मांडतात. पिण्यास इतकें, जनावरांस इतकें, जमिनींत राखून ठेवावयाचें इतकें. उरेल त्यांत कोणतें पीक घ्यावयाचें तें ठरवावयाचें. पाऊस कमी झाला त्या वर्षीं हात आंखडावयाचा. म्हणजे उत्पन्नाच्या आधीं तेथें मुद्दल मोजलें जातें. अर्थशास्त्रज्ञ ज्या निसर्गाच्या हिशेबाची अलीकडे परिषदांतून चर्चा करितात तो या गांवानें पर्जन्यमापक आणि एका फळ्यावर करून दाखविला. मोठ्या देशांनीं जें अद्याप पुरतें साधलेलें नाहीं तें नगर तालुक्यांतील एका खेड्यानें साधलें, हें आम्ही अभिमानानें म्हणतों.

मुद्दल म्हणजे केवळ पाणी व माती नव्हे; माणूस हें सर्वांत मोठें मुद्दल. १९४५ सालीं जपान व जर्मनी यांचीं शहरें धुळीस मिळालीं होतीं. जपानजवळ खनिजेंही बेताचीं. तरी पंचवीस वर्षांच्या आंत तीं राष्ट्रें जगाच्या अग्रभागीं आलीं, कारण इमारती जळाल्या तरी माणसांच्या हातांतलें कसब आणि डोक्यांतली विद्या जळाली नव्हती. उलट आफ्रिकेंत कांगोची भूमि तांबें, कोबाल्ट, हिरे यांनीं भरलेली असून तेथील प्रजा जगांतील अतिदरिद्री प्रजांमध्यें गणली जाते. नगर शहरासंबंधीं बोलावयाचें तर, सावित्रीबाई फुले यांनीं अध्यापनाचे धडे येथें मिस फरार यांच्या शाळेंत घेतले असें त्यांचे चरित्रकार सांगतात. त्या शिक्षणाचा खर्च त्या काळच्या कोणत्याही वहींत दोन-चार ओळींहून अधिक नसेल. परंतु त्यापासून महाराष्ट्रास जो लाभ झाला तो कोणत्या रकान्यांत लिहावा? म्हणूनच १९९० पासून संयुक्त राष्ट्रसंघाच्या वतीनें जो मानवविकासाचा निर्देशांक निघतो त्यांत उत्पन्नाच्या जोडीस आयुर्मान आणि शिक्षण हीं धरण्यांत आलीं. तें मापही पुरें नाहीं. पण दिशा योग्य आहे.

आमचे व्यापारी मित्र विचारतील, हें सारें ठीक, पण यांत आमचा संबंध काय? संबंध फार निकटचा आहे. कापड बाजारांतील गिऱ्हाईक येतें कोठून? तें येतें शेवगांव-पाथर्डीहून, जामखेड-कर्जताहून. त्याच्या विहिरींत पाणी असेल तर दिवाळीस लुगडें खपेल. तें हंगामभर कोयता घेऊन परमुलुखीं गेलें असेल तर दुकानांत माशा माराव्या लागतील. १८७५ सालीं कुणबी बुडाला तेव्हां सावकारही तरला नाहीं, त्याचे रोखे राख झाले. देशाची श्रीमंती वाढली कीं आपली पेढी वाढेल असें व्यापारी म्हणतो तें खरें आहे. फक्त श्रीमंती कोणती हें त्यानें ओळखलें पाहिजे. नफ्याची सारी शिल्लक सोन्यांत गाडून ठेवणें किंवा लग्नाच्या मांडवांत उधळणें यानें ती वाढत नाहीं. ती शेताच्या बांधांत, शेजारच्या कारागिराच्या यंत्रांत, मुलीच्या शाळेंत गुंतविली म्हणजे वाढते. चौंडीस १७२५ सालीं जन्मलेल्या ज्या अहिल्याबाईंचें नांव २०२४ सालीं आमच्या जिल्ह्यास मिळालें, त्यांची कीर्ति तिजोरीवर उभी नाहीं; ती त्यांनीं बांधलेल्या घाट-विहिरींवर उभी आहे. त्यांचें नांव घेणाऱ्या जिल्ह्यानें त्यांचा हिशेबही घ्यावा.

म्हणून आमची एक सूचना आहे, आणि ती अमलांत आणण्यास दिल्लीची अगर मुंबईची परवानगी लागत नाहीं. दर दिवाळी-पाडव्याच्या सुमारास प्रत्येक ग्रामसभेनें, प्रत्येक बाजारसमितीनें व शहराच्या प्रत्येक पेठेनें आपला ताळेबंद जाहीर मांडावा, आणि त्यांत पांच नोंदी असाव्या. पहिली, गेल्या वर्षींपेक्षां विहिरींचें पाणी किती वर आलें अगर खालीं गेलें. दुसरी, किती जमिनीस बांध घातला आणि किती जमिनीची माती वाहून गेली. तिसरी, किती मुलें व विशेषतः किती मुली शाळेंत टिकल्या. चौथी, गांवावर व संस्थांवर कर्ज किती, आणि तें कशासाठीं काढलें. पांचवी, पोटासाठीं किती कुटुंबांस गांव सोडावें लागलें. या पांचांच्या खालीं मग खुशाल उत्पन्नाचा आंकडा लिहावा. वरच्या नोंदी सुधारत असतील तर तो आंकडा लहान असला तरी गांव श्रीमंत होत आहे असें समजावें. त्या बिघडत असतील तर आंकडा कितीही मोठा असो, मुद्दल खाणें चालू आहे असें समजावें.

जगांत आपण पांचवे कीं तिसरे याची चर्चा वर्तमानपत्रांतून चालेल, आणि ती चालावी. परंतु घरांतील मुनीम मालकापुढें वही ठेवतो तेव्हां मालक प्रथम विचारतो तें हेंच, कीं मुद्दल शाबूत आहे ना? आपल्या देशाचे मालक आपण आहों. तोच प्रश्न आपण आपल्या गांवाच्या वहीस यंदाच्या पाडव्यास विचारावा, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.